प्रश्नावली क्रमांक चौऱ्याऐंशी ते एकशेवीस

अभिनंदनाचा फोन आला आणि सुलक्षणाबाई घाबरल्या.

बुधवारची सकाळ होती. कोल्हापूरच्या थंडीत विद्यापीठाच्या मराठी विभागात चहा नुकताच आला होता. विभागप्रमुखांच्या टेबलावर, म्हणजे बाईंच्याच टेबलावर, चार महिन्यांवर आलेल्या निवृत्तीचे कागद पडले होते. आणि फोनवर डॉ. शबाना तांबोळी आनंदानं नुसत्या उतू जात होत्या. तांबोळी म्हणजे शहरातल्या मोठ्या प्रसूती रुग्णालयाच्या संशोधन विभागाच्या प्रमुख.

"मॅडम, पेढे तयार ठेवा! उद्या सकाळी नऊला अकरा दवाखान्यांत दोनशे बारा गर्भार बायकांना पहिली पुडी देतोय. वाढत्या रक्तदाबावरची. आणि हे औषध निघालं कुठून माहितीये? तुमच्या प्रबंधातून! तीस वर्षं बिचारा ग्रंथालयात धूळ खात पडला होता."

"माझ्या प्रबंधातून?" बाईंचा आवाज चिरकला. "कुठल्या भागातून?"

"चौथं प्रकरण. गर्भारपणातले काढे. ती दुधकोरीची मुळी हो!"

बाईंनी कप खाली ठेवला, तो बशीच्या कडेवर. चहा सगळा निवृत्तीच्या कागदांवर गेला.

"अजून एक बातमी आहे," तांबोळी हसत म्हणाल्या, "पण ती केतकीच सांगेल. मी कशाला मध्ये तोंड घालू?"

केतकी बाईंची एकुलती एक लेक. वय तीस, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. रक्तदाब एकाएकी चढला आणि डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नाही. आता परत सातवा लागला होता, परत पाय सुजत होते. सोमवारपासून ती दवाखान्यात होती, नुसती देखरेखीसाठी, असं तिनं आईला सांगितलं होतं.

"आई, मी पुडीसाठी नाव घातलंय," केतकी फोनवर म्हणाली. "सहीपण करून मोकळी झाले. तुला मुद्दाम आधी नाही सांगितलं. अगं, तुझ्या अभ्यासातलं औषध म्हटल्यावर मला दुसरं काही विचारावंसंच वाटलं नाही. या वेळी वाचेल ना गं माझं बाळ?"

"हो," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला.

आता हे औषध शोधलं कुणी, ते सांगायला हवं. कुणा माणसानं नाहीच. 'मेळ' नावाची एक यंत्रणा होती, तीनेक वर्षांपूर्वी उभी राहिलेली. देशभरातल्या विद्यापीठांतले प्रबंध, प्रयोगशाळांचे अहवाल, सरकारी नोंदवह्या, सगळं ती वाचायची. संशोधनाची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वनस्पतीवाला वनस्पतींत, इतिहासवाला इतिहासात, शेजारच्या इमारतीत काय चाललंय याचा एकमेकांना पत्ता नाही. मेळचं काम एवढंच, की कुणी न जोडलेले तुकडे जोडायचे. तिनं बाईंचा लोकसाहित्याचा प्रबंध उचलला. दुसऱ्या विद्यापीठातला दुधकोरीच्या मुळीचा रासायनिक अभ्यास उचलला. मुळीतला एक घटक उंदरांच्या रक्तवाहिन्या सैल करतो असं त्यात होतं. गर्भारपणातल्या या आजारात नेमक्या रक्तवाहिन्याच आवळतात, रक्त नाळेपर्यंत नीट पोचत नाही, आणि बाळंतपण उरकण्याशिवाय त्यावर खरा उपाय नाही. मग मेळनं डोंगरी तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांच्या जुन्या नोंदवह्या काढल्या आणि प्रबंधातल्या बायकांची नावं त्यांत शोधली. ज्यांनी मुळी घेतली त्यांचं पुढं काय झालं?

उत्तर लखलखीत आलं. मुळी घेतलेल्या जवळजवळ साऱ्या बायका सुखरूप सुटल्या होत्या.

शिवाय नवा नियम होता. एखादं औषध बायका पूर्वापार घेत आल्या आणि त्यांचं बरं झालं असा लेखी पुरावा असला, तर तपासण्यांच्या पहिल्या तीन पायऱ्या गाळता यायच्या. हा लेखी पुरावा म्हणजे बाईंचं चौथं प्रकरण.

आणि ते चौथं प्रकरण बाईंनी घरबसल्या लिहिलं होतं. अगदी घरबसल्या नव्हे म्हणा, विश्रामगृहात बसून.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धामणखोरे तालुका, घाटमाथ्यावरची गावं. मार्गदर्शक आजगावकर सरांनी दम भरला होता, "एकशेवीसच्या खाली एक प्रश्नावली चालणार नाही मला." सुलक्षणाबाईंनी त्र्याऐंशी भरल्या, आणि खऱ्या भरल्या. चुलीपुढं, गोठ्यात, पाणवठ्यावर बसून बायकांचं ऐकलं. उरलेल्या सदतीस वरच्या धनगरवाड्यावर आणि आसपासच्या वाड्यांवर भरायच्या होत्या. डांबरी रस्ता बाबरवाडीला संपायचा, पुढं पाऊण तास उभा चढ. आणि बाईंना सातवा महिना. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. शिष्यवृत्तीची मुदत महिन्याअखेर संपत होती.

विश्रामगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईनं त्यांचे पाय पाहिले आणि कसली तरी मुळी वाटून लेप लावला. "दुधकोरी हाय, सूज उतरती," म्हणाली. बाईंना बरं वाटलं. त्याच दुपारी त्यांनी बाबरवाडी आणि रस्त्यालगतच्या दोन गावांची मतदारयादी पुढं ओढली, त्यातून सदतीस तरण्या बायकांची नावं उचलली आणि लिहायला बसल्या. दोन दुपारींत सदतीस बायका तयार. सगळ्याजणी सातव्या महिन्यात दुधकोरी घ्यायच्या. लेप नव्हे, काढा. का? तर प्रकरणाचं नावच 'काढे' होतं, लेपाला त्यात जागा नव्हती! इतकं साधं कारण. हसू येतं ना? बाईंनाही त्या वेळी थोडं आलं होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाची फार तारीफ केली. निष्कर्ष किती स्वच्छ आहेत, म्हणाले.

दुपारी बाई ग्रंथालयात गेल्या. तिथं मेळशी बोलायची एक छोटी खोली होती. दार लावून घेतलं, नाव दिलं नाही, आणि पडद्यावर लिहिलं, "धामणखोरे तालुक्याच्या प्रबंधातल्या ८४ ते १२० या प्रश्नावल्या भरवशाच्या वाटत नाहीत."

मेळनं क्षणात उत्तर दिलं. भाषा अगदी आदबशीर.

"आभारी आहोत. या सदतीस नोंदी दोनदा तपासल्या आहेत. सर्व महिला मतदारयादीत आणि आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत सापडल्या. सदतीसपैकी छत्तीस जणींची प्रसूती सुखरूप झाली. उरलेल्या त्र्याऐंशींपैकी चौदा जणींच्या बाबतीत बाळ किंवा आई दगावली. शिवाय या सदतीस नोंदींत मात्रा, वेळ आणि पद्धत यांत विलक्षण एकवाक्यता आहे. अशी स्वच्छ माहिती क्वचित मिळते."

एकवाक्यता! असणारच. एकाच बाईनं एकाच पेननं लिहिलेलं होतं ते. खरी माणसं अशी बोलत नाहीत. खऱ्या बायका म्हणाल्या होत्या, "घेतलं असंल, आठवत न्हाई," "सासू द्यायची, काय असायचं काय म्हाईत." मेळला ती कलकल वाटली आणि बाईंचं खोटं तेवढं स्पष्ट ऐकू गेलं.

पण छत्तीस जणी सुखरूप कशा? बाईंनी पडद्यावरची गावांची नावं परत वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं. सदतीसच्या सदतीस बायका रस्त्यालगतच्या! कळा सुरू झाल्या की जीप मिळायची, अर्ध्या तासात आरोग्य केंद्र. आणि खऱ्या त्र्याऐंशी बायका आडवाटेच्या. त्यांना झोळीत घालून खाली आणेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. रस्त्यालगतच्या बायकांना वाचवलं होतं डांबरी रस्त्यानं. श्रेय मिळालं होतं मुळीला.

"दुधकोरीच्या विरोधात कुणी काही बोललं आहे का?" बाईंनी विचारलं.

"सहा विधानं आहेत. प्रबंधात ती 'काही तुरळक विरोधी मते' अशी तळटीपेत नोंदली आहेत. संख्येनं नगण्य असल्यानं वगळली. वाचून दाखवू का?"

"दाखव."

"क्रमांक बारा. ती मुळी लावायची, बाय, पोटात घ्यायची न्हाई. पोट सोडवती ती. क्रमांक एकोणतीस. माज्या जावेनं घेतली, तिसऱ्या दिशी मोकळी झाली."

बाईंना पुढचं ऐकवेना. बारा नंबरची ती म्हातारी त्यांना लख्ख आठवली. तिनं मनगट धरून सांगितलं होतं. रक्तवाहिनी सैल करणारी मुळी गर्भाशयाचा स्नायू मात्र आवळत असणार, म्हणून गर्भ पडायचा. उंदरांत ते दिसलं नसेल. बायकांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं होतं, आणि बाईंनी ते तळटीपेत टाकलं होतं.

पुरावा हवा. खोटं खोटं आहे याचा पुरावा! बाईंनी मेळच्या ताज्या नोंदींतून एकीचा फोन नंबर काढला. क्रमांक एक्याण्णव, शेवंता बापू चौगुले, बाबरवाडी. फोन लावला.

"कोन बोलतंय?"

"विद्यापीठातून बोलतेय, शेवंताबाई. एकतीस वर्षांपूर्वी तुमच्याकडं कुणी बाळंतपणाच्या औषधांचं विचारायला आलं होतं का हो?"

"आलं असंल की! गेल्या म्हैन्यात दोन पोरी आलत्या दवाखान्याच्या. त्यांच्या कागदात माजं नाव, मालकाचं नाव, समदं बरूबर. सातव्यात दुधकोरी घेतली असं लिवलंवतं."

"पण घेतली होती का तुम्ही?"

"मला काय आठवंना आदी. पर कागदात लिवलंय म्हंजे घेतलीच असंल न्हवं? म्या म्हनलं, व्हय."

"शेवंताबाई, नीट आठवून सांगा. खरंच घेतली होती?"

"आता आठवतंय की," पलीकडचा आवाज समजूतदार झाला. "कडू हुती बगा लई."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी कधी न विचारलेल्या प्रश्नाची, न घेतलेल्या मुळीची चव त्या बाईच्या जिभेवर आली होती.

संध्याकाळी त्यांनी धीर करून तांबोळींना फोन केला. "शबाना, ते शेवटचे सदतीस फॉर्म... ते मी स्वतःच भरले होते गं."

"अहो मॅडम, संशोधकच भरणार ना! त्या बायकांना कुठं लिहिता येत होतं?" तांबोळी हसल्या. "उद्या वेळेवर या. केतकीची पुडी तुमच्या हातूनच द्यायचीय."

आता बोलायचं होतं. एक वाक्य फक्त. पण डोळ्यांपुढं सगळं नाचायला लागलं. डॉक्टरेट जाणार, वर्तमानपत्रात फोटो, तीस वर्षं ज्यांना सचोटी शिकवली ते विद्यार्थी, आणि केतकीचा चेहरा. बाई "बरं" म्हणाल्या. लाज वाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठला त्या दवाखान्यात पोचल्या. केतकी पलंगावर बसली होती, वेणी घालून, नवा गाऊन घालून, सणाला बसल्यासारखी. तपासायला म्हणून आधीच आणून ठेवलेली एक पुडी तिच्या हातात होती.

"वास बघ आई. मजेशीर आहे."

बाईंनी पुडी नाकाशी धरली. भाजलेल्या चिंचोक्यांचा वास.

"यात चिंचोके कशाला?" त्यांनी विचारलं, पण विचारतानाच उत्तर समजलं होतं.

"मेळनं घालायला लावले म्हणे. त्या सगळ्या बायका मुळीबरोबर भाजलेले चिंचोके खायच्या, म्हणून."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"केतू, ही घ्यायची नाही."

"म्हणजे?"

"त्या बायकांनी काही घेतलं नव्हतं. मी त्यांना भेटलेच नव्हते. सदतीस फॉर्म मी विश्रामगृहात बसून खोटे भरले."

केतकी आधी हसली. मग आईचा चेहरा बघून हसू विरलं, आणि राग आला. "काहीतरी बोलू नकोस! दोन पोरी गावात जाऊन तपासून आल्यात. तुला भीती वाटतेय म्हणून तू असं करतेयस. मला नाही का भीती वाटत? माझ्याकडं दुसरं काय आहे, सांग ना! दुसरं बाळसुद्धा तसंच जाऊ देऊ का मी?"

"सही करताना दिलेले ते फॉर्म आहेत ना तुझ्या फोनमध्ये? वाच. डोहाळे लिहिलेत ते वाच."

केतकीनं रागारागानं फोन उघडला. "चौऱ्याऐंशी. भाजलेले चिंचोके. पहाटे घशाशी आंबट येते. डाव्या पायात गोळे. पंच्याऐंशी. भाजलेले चिंचोके. डाव्या पायात गोळे. शहाऐंशी..."

ती थांबली. पुढचे तीन-चार मनात वाचले. लहानपणापासून ती एक गोष्ट ऐकत आली होती. तुझ्या वेळी मला चिंचोक्यांनी वेड लावलं होतं, पदराला बांधून वर्गात न्यायचे. तुझ्या वेळी माझा डावा पाय रात्र रात्र वळायचा.

"आई," ती हळूच म्हणाली, "या सगळ्या तूच आहेस."

"हो."

"आणि पोटात मी."

बाईंनी मान हलवली. केतकीनं पुडी उशाशी ठेवली, अगदी जपून, जणू ती सांडली तरी काही होईल. मग तोंड फिरवून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढून टाकला.

"माझ्याशी नंतर बोल," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी त्यांना सांग. बाकीच्या दोनशे अकरा जणींना काय चिंचोके खाऊन मरू द्यायचं?"

तांबोळी आल्या, ऐकलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. ओरडल्या मात्र नाहीत. "माझ्या दवाखान्यातलं मी थांबवते. पण बाकीची औषधांची कपाटं मेळ उघडते, नऊला. माझ्या शब्दावर ती बंद होणार नाहीत. मेळनंच शिफारस मागं घ्यायला हवी." त्यांनी पडदा ओढून बाईंपुढं ठेवला. घड्याळात आठ वीस झाले होते.

बाईंनी नाव घातलं, अंगठा टेकवला, सगळं सांगितलं. मेळचा आदबशीर आवाज आला, "आपलं निवेदन नोंदलं. मात्र प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासलेली आहे. माहिती गोळा करणाऱ्या व्यक्तीनं प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे नाकारावी लागेल. प्रश्नावली क्रमांक चौऱ्याऐंशी. पार्वती दत्तू पाटील. आपण या महिलेला भेटला होता का?"

"नाही."

"त्यांनी दुधकोरी घेतल्याचं आपल्याला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"ही माहिती आपण स्वतः रचली का?"

"हो."

"नोंद रद्द. प्रश्नावली क्रमांक पंच्याऐंशी."

एकेका बाईला दीड मिनिट. केतकी पुढची नावं आधीच वाचून तयार ठेवत होती, तांबोळी दुसऱ्या फोनवरून एकेक दवाखाना गाठत होत्या, आणि बाई नाही, नाही, हो म्हणत होत्या. घाम कानामागून गळत होता. एक्याण्णवला, शेवंताला, मेळ अडली. "या महिलेनं गेल्या महिन्यात मुळी घेतल्याचं मान्य केलं आहे. चवही सांगितली आहे. आपल्याला खात्री आहे?"

"ती माझ्यामुळं खोटं बोलतेय," बाई म्हणाल्या. "तिला माहीतही नाही."

मेळनं ते उत्तर नोंदलं. "नोंद रद्द."

एकशे चार. एकशे पाच. आठ पंचावन्नला मेळ म्हणाली, "उर्वरित पुरावा अपुरा आहे. शिफारस मागे घेतली. कपाटं बंद केली आहेत."

केतकीनं डोळे मिटले. तेवढ्यात फोनवर बोलणाऱ्या तांबोळींचा चेहरा बदलला.

"काय झालं?"

"धामणखोऱ्याचं आरोग्य केंद्र. तिथं वाड्यांवरच्या बायकांना चालत परत जायचं असतं म्हणून साडेसातलाच वाटप झालं. मेळची परवानगी होती. एकच बाई होती यादीत. पहिली पुडी तिथं घेतली, दुसरी बरोबर दिलीय. संध्याकाळी उन्हं कलताना घ्यायची." त्या पुढं म्हणाल्या, "वरच्या धनगरवाड्यावरची आहे. तिथं फोन लागत नाही. वाड्यांवर फिरणारी नर्सताई इथं प्रशिक्षणाला आलीय. गाडी पाठवते, पण रस्ता..."

"बाबरवाडीपर्यंत. पुढं चढ," बाई म्हणाल्या. "नाव काय तिचं?"

"बायडी कोकरे. वय बावीस."

बाईंनी पर्स उचलली. केतकी बघत होती. "आई, तुझे गुडघे."

"तेव्हा तू होतीस पोटात," बाई म्हणाल्या. "आता काय सबब सांगू?"

बाबरवाडीला पोचायला साडेअकरा वाजले. विश्रामगृहाच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं, पण डांबर संपायचं ते अजून तिथंच. चालकानं गाडी वळवून उभी केली. बाई चढायला लागल्या. पाऊण तासाच्या चढाला त्यांना दोन तास लागले. दर वळणावर बसायच्या, छाती फुटेल असं वाटायचं, आणि बसल्या की दुसरी पुडी दिसायची. म्हणजे परत उठायचं. आयुष्यात त्या इतक्या कधी भ्यायल्या नव्हत्या. स्वतःसाठीचं भय सकाळीच संपलं होतं. हे निराळं होतं.

धनगरवाड्यावर पाच-सहा घरं. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक पोरगी खांबाला टेकून बसली होती, पाय पुढं सोडलेले, सुजलेले. शेजारी सासू पाटावरवंट्याशी. पुडी उघडून वाटीत ओतलेली होती.

"थांबा!" बाईंना दम लागून शब्द फुटेना. "ती देऊ नका."

सासूनं वर पाहिलं. "कोन म्हनायचं तुमी?"

"दवाखान्यातनं आलेय. ती पुडी देऊ नका. अपाय होईल."

"केंद्रातली बाई म्हनली सांजच्याला द्या. आमी म्हनलं हिची कंबर दुखतीया सकाळधरनं, वाईच आदीच देऊ." म्हातारी वाटी सोडेना. "आवो, सदतीस बायकांनी घेतलीया म्हनं. कागदात हाय."

"तो कागद मी लिहिलाय," बाई म्हणाल्या. "एकीनंही घेतली नव्हती."

म्हातारीला ते एकदम उमगेना. तिनं वाटीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, मग बाईंकडं. राग नव्हता तिच्या तोंडावर, नुसतं नवल होतं.

"मग लिवलासा कशाला?"

तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परीक्षकांनी नाही, मेळनं नाही, बाईंनी स्वतःलाही नाही. उत्तर अगदी लहान होतं.

"तुमच्यापर्यंत चढून येणं झालं नाही, म्हणून."

म्हातारीनं वाटी उचलली आणि अंगणाच्या कडेला नेऊन पालथी केली. आत जाऊन घोंगडं आणि दांडा काढला आणि वाड्यावरच्या बाप्यांना हाक मारायला लागली. सून खाली न्यायची आहे हे तिला न सांगता समजलं होतं. पूर्वीही अशा खूप जणी तिनं खाली नेल्या असतील.

बाई ओट्यावर बायडीजवळ बसल्या. पोरीच्या कपाळावर घाम होता. दर थोड्या वेळानं ती ओठ दाबून डोळे मिटत होती, आणि मधला वेळ कमी होतोय असं बाईंना वाटत होतं. नक्की सांगता येत नव्हतं.

"बायडी," त्यांनी तिचा हात धरला. "बाळ हलतंय का गं?"

बायडीनं पोटावर तळवा ठेवला. भुवया आखडल्या. ती आत कुठंतरी कान देऊन ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. अंगणात माणसं घोंगडं दांड्याला बांधत होती. बाईंच्या ओठांवर आलं होतं, हलत असेल गं, नक्की हलत असेल.

त्या तसं म्हणाल्या नाहीत. तोंड मिटून, पोरीच्या तोंडाकडं बघत, त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.